घरच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग केले, तरी पर्जन्यमापकाचे पान बाहेरून उघडत नाही

वाशिष्ठीकाठ

नमस्कार. मी चिपळूणला राहतो. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर मी आमच्या गच्चीवर झुकत्या वाटीचा एक पर्जन्यमापक बसवला. दर ०.२ मिलिमीटर पावसाला त्याची वाटी एकदा कलंडते आणि प्रत्येक कलंडण्याची नोंद त्याला जोडलेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक ठेवतो. हवामान विभागाच्या प्रथेप्रमाणे सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशीच्या साडेआठपर्यंतचा पाऊस, तसेच गेल्या एका तासातला पाऊस, असे दोन आकडे दाखवणारे साधे पान मी त्याच संगणकावर ८०८० या पोर्टवर, म्हणजे प्रोग्रामच्या दाराच्या क्रमांकावर, चालवतो. घरातल्या वायफायवर कोणत्याही फोनवरून ते पान व्यवस्थित उघडते.

माझी बहीण पुण्याला आणि काका ठाण्याला असतात. जोराचा पाऊस लागला की दोघेही रात्री-अपरात्री काळजीने फोन करतात. त्यांना हे आकडे स्वतःच पाहता यावेत, एवढीच माझी गरज आहे. एका परिचितांनी सांगितले की त्यासाठी राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करावे लागते. माझ्या वायरलेस राउटरमध्ये ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ नावाचा विभाग सापडला. तिथे बाहेरचा पोर्ट ८०८०, आतला पत्ता १९२.१६८.०.५० आणि आतला पोर्ट ८०८० असे भरून, प्रोटोकॉल (माहिती नेण्याची पद्धत) टीसीपी निवडून मी तो नियम सुरू केला. त्यानंतर ‘माझा आयपी पत्ता कोणता’ हे सांगणाऱ्या संकेतस्थळावरून पत्ता घेऊन बहिणीला पाठवला. तिच्याकडे बराच वेळ नुसते चक्र फिरत राहते आणि शेवटी पान उघडत नाही. मी घरातून तोच पत्ता टाकला तरी तसेच होते.

घरातली जोडणी अशी आहे: जिन्याखाली सेवा देणाऱ्यांनी बसवलेला फायबरचा डबा आहे, त्यातून निघालेली केबल वरच्या मजल्यावरच्या माझ्या वायरलेस राउटरला जाते आणि रास्पबेरी पाय त्या राउटरच्या वायफायवर आहे. माझे कुठे चुकले, हे तर कळावेच, पण पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये नेमके काय घडते हेही कोणी नीट समजावून सांगितले तर फार बरे होईल. नुसते रकाने भरून काम झाले असते, तरी मला त्याचे समाधान वाटले नसते.

तारयंत्र

आपण भरलेला नियम बरोबर आहे. तो योग्य यंत्रावर लिहिला गेला आहे का, हा खरा प्रश्न आहे. पण आपण आतली प्रक्रिया विचारली आहे, म्हणून आधी ती सांगतो. ती समजली की चूक कुठे असू शकते, हे आपले आपल्यालाच दिसू लागेल.

ज्यांनी चाळीतले दिवस पाहिले आहेत, त्यांना पीपी नंबर आठवत असेल. सगळ्या चाळीत एकाच बिऱ्हाडात फोन असे आणि बाकीचे लोक तोच नंबर ‘पीपी’ म्हणून देत. तुम्ही स्वतः त्या फोनवरून एखादा निरोप विचारून ठेवला असेल, तर उलट फोन आल्यावर कोणाला हाक मारायची, हे फोनवाल्यांना ठाऊक असे. पण एखाद्या अनोळखी माणसाचा फोन अचानक आला आणि त्याने कोणाचेच नाव सांगितले नाही, तर फोनवाल्यांना तो ठेवून देण्यावाचून गत्यंतर नसे.

घरचा राउटर म्हणजे तो फोनवाला. आयपीच्या जुन्या, म्हणजे चौथ्या आवृत्तीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत, त्यामुळे घरातल्या प्रत्येक फोनला आणि दूरचित्रवाणी संचाला जगात कुठूनही गाठता येईल असा स्वतंत्र पत्ता मिळत नाही. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत आणि असंख्य घरांत तेच पुन्हा पुन्हा वापरले जातात. आपण फोनवर एखादे संकेतस्थळ उघडता, तेव्हा निघणाऱ्या पॅकेटवर, म्हणजे माहितीच्या छोट्या गठ्ठ्यावर, पाठवणाऱ्याचा पत्ता १९२.१६८.०.२३ आणि पोर्ट, समजा, ५१५१४ असा असतो. राउटर तो पत्ता काढून तिथे स्वतःचा बाहेरचा पत्ता लिहितो, गरज पडल्यास पोर्टचा आकडाही बदलतो, आणि कोणाच्या वतीने कोणाला काय पाठवले याची ओळ आपल्या तक्त्यात टिपून ठेवतो. उत्तर आले की ती ओळ शोधून तो पत्ता पूर्ववत करतो आणि पॅकेट आत सोडतो. ओळ तात्पुरती असते. काही काळ कोणतीच ये-जा झाली नाही की राउटर ती पुसून टाकतो.

आता आपल्या भगिनींच्या फोनवरून निघालेले पॅकेट आपल्या राउटरपाशी पोहोचले असे समजू. ते कोणाच्याही विचारणेचे उत्तर नाही, त्यामुळे त्याच्यासाठी तक्त्यात ओळ नाही, आणि राउटर ते टाकून देतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे याच तक्त्यात आपण स्वतःच्या हाताने लिहिलेली कायमची ओळ. ‘८०८० या पोर्टवर जो कोणी येईल त्याला १९२.१६८.०.५० कडे पाठव’ एवढेच ती सांगते. आयपी पत्ता घरापर्यंत आणतो आणि पोर्ट त्या घरातल्या नेमक्या प्रोग्रामपर्यंत नेतो. पोर्टचा आकडा सोळा बिटांचा असल्यामुळे तो ० ते ६५५३५ यांच्या दरम्यान असतो. एक बाहेरचा पोर्ट एकाच उपकरणाला देता येतो, मात्र आतला आणि बाहेरचा आकडा सारखाच असला पाहिजे असे बंधन नाही.

या कायमच्या ओळीत आतला पत्ता पक्का लिहिलेला असतो, पण राउटर उपकरणांना पत्ते तात्पुरते वाटत असतो. वीज जाऊन आल्यावर रास्पबेरी पायला ५० ऐवजी ५३ मिळाला, तर नियम तसाच राहील आणि पॅकेटे रिकाम्या जागी जातील. म्हणून राउटरच्या, पत्ते वाटणाऱ्या, डीएचसीपी विभागात त्या संगणकाच्या मॅक पत्त्यासाठी (उपकरणाच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकासाठी) ५० हा आकडा राखून ठेवावा. उपकरण वायफायवर आहे की केबलने जोडलेले आहे, याने फॉरवर्डिंगच्या नियमात काही फरक पडत नाही. फक्त ते पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर असू नये, कारण ते जाळे बहुधा आतल्या जाळ्यापासून तोडलेले असते.

चाचणीविषयीही थोडे सांगतो. आपण घरात बसून स्वतःचाच बाहेरचा पत्ता टाकून पाहिलात. बाहेर निघालेले पॅकेट उलटे वळवून आत आणणे अनेक राउटरांना जमत नाही, त्यामुळे त्या चाचणीवरून काहीच सिद्ध होत नाही. वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून पाहावे. तसेच पान न उघडण्याची पद्धतही बरेच सांगते. लगेच ‘कनेक्शन नाकारले’ असा संदेश आला तर पॅकेट कुठल्या तरी यंत्रापर्यंत पोहोचले, पण तिथे ऐकणारा प्रोग्राम नव्हता, असा बहुधा अर्थ होतो. नुसते चक्र फिरत राहिले, तर पॅकेट वाटेतच कोणी तरी टाकून दिलेले असते. आपल्याकडे चक्र फिरते आहे.

सह्यकडा

तारयंत्र यांनी सांगितलेले टाकून देणारे यंत्र आपल्या जिन्याखाली असावे, असे मला वाटते. सेवा देणाऱ्यांचा फायबरचा डबा हा पुष्कळदा स्वतःच एक राउटर असतो. म्हणजे आपल्या घरात एकामागे एक असे दोन राउटर आहेत आणि दोघांचे तक्ते वेगवेगळे आहेत. आपण कायमची ओळ वरच्या मजल्यावरच्या तक्त्यात लिहिलीत, पण बाहेरचे पॅकेट आधी खालच्या डब्याशी येते आणि त्याला त्याविषयी काहीच माहीत नाही.

हे तपासायला दोन मिनिटे पुरतील. आपल्या वायरलेस राउटरच्या स्थितीच्या पानावर ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या शीर्षकाखाली दिसणारा पत्ता पाहावा. तो १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होत असेल, किंवा १७२.१६ ते १७२.३१ या टप्प्यातला असेल, तर वर आणखी एक राउटर नक्की आहे. संकेतस्थळाने दाखवलेला पत्ता आणि हा पत्ता तंतोतंत जुळला, तरच आपला नियम योग्य दारावर लिहिला आहे असे म्हणता येते. माझ्या मते कोणताही रकाना भरण्याच्या आधी हीच तुलना करायला हवी. ती राहून गेल्यामुळे मी स्वतः एक पूर्ण रविवार नियम पुसण्यात आणि पुन्हा लिहिण्यात घालवला आहे.

दोन राउटर निघाले, तर सर्वांत सोपा उपाय म्हणजे वरच्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ या पद्धतीवर ठेवणे. मग तो फक्त वायफाय पुरवतो, तक्ता एकाच यंत्राकडे राहतो आणि नियम खालच्या डब्यावर लिहावा लागतो. खालच्या डब्याला ‘ब्रिज’ पद्धतीवर ठेवून सर्व कारभार आपल्या राउटरकडे घेणे हा दुसरा उपाय आहे, पण त्यासाठी सेवा देणाऱ्यांची मदत लागू शकते.

वाशिष्ठीकाठ

आपण दोघांनीही इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पीपी नंबरचे उदाहरण माझ्या आईलाही वाचून दाखवले. गिरगावात असताना तिच्या माहेरी तसाच नंबर होता.

सह्यकडा यांचा अंदाज खरा ठरला. माझ्या राउटरचा वॅन पत्ता १९२.१६८.१.२ निघाला. मी त्याला ॲक्सेस पॉइंट केले. रास्पबेरी पायला आता खालच्या डब्याकडून १९२.१६८.१.५० हा पत्ता मिळतो आणि तो मी मॅक पत्त्यासह राखून ठेवला आहे. नियमही खालच्या डब्यावर नव्याने लिहिला. तरीही मोबाइल डेटावरून पान उघडत नाही. खालच्या डब्याच्या स्थितीच्या पानावर वॅन पत्ता १०० ने सुरू होतो आणि त्याचा दुसरा आकडा ७८ आहे. संकेतस्थळ मात्र १०३ ने सुरू होणारा वेगळाच पत्ता दाखवते. १०० ने सुरू होणारे पत्ते खासगी असल्याचे मी कुठे वाचले नव्हते, म्हणून गोंधळलो आहे.

तारयंत्र

तुमचा गोंधळ स्वाभाविक आहे, आणि कारणही आता स्पष्ट झाले. १०० ने सुरू होणारे सर्वच पत्ते राखीव नाहीत, पण १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी वेगळा काढण्यात आला. तुमचा ७८ हा आकडा त्यात बसतो. जागतिक पातळीवरचा मोकळ्या पत्त्यांचा साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. त्यानंतर ग्राहक वाढत गेले आणि पत्ते तेवढेच राहिले, म्हणून कंपन्यांनी आपल्या केंद्रातच मोठे राउटर बसवून एक सार्वजनिक पत्ता अनेक घरांमध्ये वाटायला सुरुवात केली. म्हणजे तुमच्या घरातले दोन तक्ते आता एकावर आले, पण त्यापुढे तिसरा तक्ता कंपनीकडे आहे. तिथे ओळ लिहिण्याचा अधिकार तुम्हाला नाही आणि तो १०३ चा पत्ताही एकट्या तुमचा नाही. घरातल्या यंत्रांवर कितीही नियम लिहिले, तरी त्यांचा इथे उपयोग होणार नाही.

पुढे दोन वाटा उरतात. पहिली म्हणजे सेवा देणाऱ्यांकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागणे. बऱ्याच ठिकाणी तो वेगळे शुल्क घेऊन मिळतो. मागताना तो ‘स्थिर’ म्हणजे न बदलणारा आहे का, हेही विचारावे. बदलणारा असेल, तर नवा पत्ता एका ठरावीक नावाशी जोडत राहणारी डायनॅमिक डीएनएस सेवा लावावी लागेल. कोकणात पावसाळ्यात वीज जात-येत राहते आणि प्रत्येक वेळी डबा पुन्हा सुरू झाला की पत्ता बदलू शकतो, म्हणून हे तुमच्या बाबतीत विशेष महत्त्वाचे आहे.

दुसरी वाट आयपीच्या सहाव्या आवृत्तीची. त्यातले पत्ते १२८ बिटांचे असल्यामुळे टंचाई नाही, आणि रास्पबेरी पायला थेट सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. तिथे फॉरवर्डिंग नसते, फक्त डब्याच्या फायरवॉलमध्ये त्या पत्त्यासाठी तो पोर्ट खुला करावा लागतो. मात्र पाहणाऱ्याच्या जाळ्यावरही सहावी आवृत्ती असली पाहिजे, आणि तुमच्या काकांच्या कार्यालयात ती असेलच असे नाही.

खाडीपलीकडे

इथवर झालेली चर्चा तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आहे. मला एक पाऊल मागे जाऊन मूळ गरजेविषयी बोलायचे आहे.

पोर्ट उघडल्यावर तो फक्त बहिणीसाठी आणि काकांसाठी उघडत नाही, तर सगळ्या जगासाठी उघडतो. चौथ्या आवृत्तीतले सगळे पत्ते ओळीने तपासत जाणारे प्रोग्राम अहोरात्र चालू असतात, त्यामुळे आपला पत्ता कोणाला ठाऊक नाही, हे संरक्षण होऊ शकत नाही. २०१६ साली मिराय नावाच्या घातक प्रोग्रामने घरोघरचे कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर याच पद्धतीने शोधून काढले. त्याच्याजवळ कारखान्यातून येणाऱ्या ठरावीक नावांची आणि पासवर्डांची साठाहून अधिक जोड्यांची यादी होती, आणि तेवढ्यावर त्याने लाखो उपकरणे ताब्यात घेतली. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांच्या जोरावर डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देण्याची सेवा, पुरवणाऱ्या एका मोठ्या अमेरिकी कंपनीवर हल्ला झाला आणि अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास उघडेनाशी झाली. ज्यांच्या घरातली उपकरणे त्यात वापरली गेली, त्यांपैकी बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नसेल.

म्हणून ‘डीएमझेड’ ही सोय वापरू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. नियम चालत नाही असे दिसले की काही जण तीच सुचवतात, पण तिच्यामुळे कुठेही न मागितलेली सगळीच पॅकेटे एका उपकरणावर सोडली जातात. डब्यावरचे यूपीएनपीही बंद करावे. त्याच्या आधारे घरातला कोणताही प्रोग्राम तुम्हाला न विचारता तक्त्यात स्वतःसाठी ओळ लिहून घेऊ शकतो.

आता तुमच्या गरजेकडे येते. तुम्हाला आकडे दाखवायचे आहेत, आणि ते सर्वांत जास्त कधी हवे असतील, तर अतिवृष्टीच्या रात्री. त्याच रात्री वीज जाईल, डबा बंद पडेल आणि पोर्ट फॉरवर्डिंग कितीही अचूक असले तरी पान उघडणार नाही. २०२१ साली वीज आणि फोन दोन्ही गेले होते, हे तुम्ही स्वतः अनुभवले आहे. याउलट, रास्पबेरी पायनेच दर दहा मिनिटांनी आकडे बाहेरच्या एखाद्या भाड्याच्या सर्व्हरवर पाठवले, तर जोडणी आतून बाहेर जाणारी असेल. त्यासाठी वाटेतल्या सगळ्या तक्त्यांमध्ये ओळी आपोआप लिहिल्या जातील, सार्वजनिक पत्ता लागणार नाही आणि घराचे एकही दार उघडावे लागणार नाही. वीज गेली तरी शेवटचा आकडा आणि त्याची वेळ बहिणीला दिसत राहील. ‘रात्री १ वाजून ४० मिनिटांनी, गेल्या तासात इतका पाऊस’ ही शेवटची ओळसुद्धा अशा वेळी मोलाची असते.

पोर्ट फॉरवर्डिंग निरुपयोगी आहे, असे मला म्हणायचे नाही. घराबाहेर असताना त्या संगणकाची दुरुस्ती करायची असेल, तर ते हवेच. पण तेव्हाही ८०८० किंवा २२ (दुरून संगणक चालवण्याचा पोर्ट) उघडण्याऐवजी वायरगार्ड या व्हीपीएनसाठी, म्हणजे घरच्या जाळ्यापर्यंतच्या किल्लीने सुरक्षित केलेल्या मार्गासाठी, ५१८२० हा एकच यूडीपी पोर्ट उघडावा. योग्य किल्ली नसलेल्या पॅकेटला वायरगार्ड काहीच उत्तर देत नाही, त्यामुळे चाचपणी करणाऱ्याला तो पोर्ट उघडा आहे की नाही हेही समजत नाही. नियम लिहिताना प्रोटोकॉलच्या रकान्यात टीसीपी राहू न देता यूडीपी हा दुसरा प्रोटोकॉल निवडावा, एवढी काळजी घ्यावी.

वाशिष्ठीकाठ

काय काय केले ते सांगतो. खाडीपलीकडे यांचे म्हणणे आमच्या घरात सर्वांना पटले. पान आता एका छोट्या भाड्याच्या सर्व्हरवर आहे आणि रास्पबेरी पाय दर दहा मिनिटांनी त्याला आकडे पाठवतो. जोडणी तुटलेली असेल तर तो नोंदी जपून ठेवतो आणि नंतर एकदम पाठवतो. पानावर शेवटच्या नोंदीची वेळ मी मुद्दाम मोठ्या अक्षरांत ठेवली आहे. काकांनी काल रात्री फोन न करता सकाळी केला, आणि आकडा त्यांनीच मला सांगितला.

स्थिर सार्वजनिक पत्ताही मी शुल्क भरून घेतला. डब्यावरचा वॅन पत्ता आणि संकेतस्थळाने दाखवलेला पत्ता आता जुळतात. समजून घेण्यासाठी म्हणून मी ८०८० चा जुना नियम एका तासापुरता सुरू ठेवला आणि पान मोबाइल डेटावरून पहिल्याच प्रयत्नात उघडले. इतक्या दिवसांनी ते उघडलेले पाहून खूप आनंद झाला. पण त्याच तासाच्या नोंदवहीत बहिणीच्या आणि माझ्या फोनखेरीज अकरा अनोळखी पत्ते होते, आणि त्यांपैकी काही जण माझ्याकडे नसलेली लॉगिनची पाने मागत होते. तो नियम लगेच पुसून टाकला. आता फक्त ५१८२० चा नियम आहे.

एक शंका उरली आहे. वायरगार्डने जोडल्यावर पाच-दहा मिनिटे काहीच केले नाही, तर घरातून बाहेर, माझ्या फोनकडे, काही पाठवता येत नाही. फोनवरून काही केले की लगेच पुन्हा सुरू होते. हे कशामुळे?

तारयंत्र

हा तुमच्या फोनच्या बाजूचा तक्ता आहे. मोबाइल कंपनीच्या राउटरवरही तीच तात्पुरती ओळ असते आणि यूडीपीच्या ओळी लवकर पुसल्या जातात. ती पुसली गेली की तुमचा फोन बाहेरून अनोळखी होतो, आणि फोनने स्वतः पॅकेट पाठवताच नवी ओळ तयार होते. फोनवरच्या वायरगार्डच्या मांडणीत ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ या रकान्यात २५ लिहा. मग फोन दर पंचवीस सेकंदांनी एक छोटे रिकामे पॅकेट पाठवत राहील आणि ओळ टिकेल. बॅटरी किंचित अधिक खर्च होईल, म्हणून घरच्या संगणकाने आपणहून फोनला काही कळवण्याची गरज नसेल, तर तो रकाना रिकामाच ठेवला तरी चालेल.